स्वतःच्या वेबपेजवर लिंक जोडायची कशी

माझा मामा ३१ वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर त्याने आठवणी वहीत उतरवायला घेतल्या आणि गेल्या दिवाळीत त्यातल्या काहींचं मी त्याला एक साधं वेबपेज करून दिलं. वर शीर्षक, खाली पाच-सहा परिच्छेद, एक जुना फोटो. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाला, "अगं, संध्याकाळच्या बससारखं कोंबलंयस सगळं. ट्रामचं वेगळं पान कर, डबलडेकरचं वेगळं. आणि अणिक आगारातल्या म्युझियमचं नाव आलं की वाचणाऱ्याला तिथली माहिती लगेच मिळाली पाहिजे."

म्हणजे त्याला लिंक हव्या होत्या. आणि दर वेळी मला फोन न करता त्या त्याच्या त्याला जोडता यायला हव्या होत्या. पुढच्या दोन रविवारी आम्ही बसून तेच केलं. त्याला जे जमलं, जिथे अडलं, ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही आजवर एकही टॅग, म्हणजे ब्राउझरसाठी कोनी कंसांत लिहिलेली खूण, लिहिला नसेल तरी चालेल. फक्त कंप्युटर हवा. फोनवरही हे करता येतं, पण शिकताना कंप्युटर बरा.

एक गोष्ट आधीच सांगते. या लेखात टॅग आणि पत्ते मी देवनागरीत लिहिले आहेत, मामाला फोनवर सांगत होते तसेच. टाइप करताना ती सगळी अक्षरं इंग्रजी आणि छोटी घ्यायची, आकडेही इंग्रजी. 'एचआरईएफ' दिसलं की एच, आर, ई, एफ ही चार अक्षरं सलग. कंस, अवतरणचिन्हं, स्लॅश मात्र जसेच्या तसे.

आधी तयारी

डेस्कटॉपवर एक नवा फोल्डर करा. पानाच्या सगळ्या फाइल्स आणि फोटो यातच राहतील. नोटपॅड उघडा, पानाचा मजकूर लिहा आणि फाइल 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' या नावाने सेव्ह करा. सेव्ह करताना खालच्या चौकटीत 'ऑल फाइल्स' निवडायला विसरू नका. विसरलात तर विंडोज गुपचूप मागे 'डॉट टीएक्सटी' जोडतं, ते नावात दिसतही नाही, आणि ब्राउझरमध्ये पानाऐवजी नुसते टॅग दिसतात. पहिल्या रविवारी आमचा अर्धा तास यातच गेला. फोल्डरच्या 'व्ह्यू' मेनूतून फाइल एक्स्टेन्शन दिसतील असं करून ठेवलंत की हा घोळ कायमचा मिटतो.

मराठी मजकुरासाठी पानाच्या डोक्यात, म्हणजे फाइलच्या अगदी वर, ही एक ओळ हवीच:

<मेटा चारसेट="यूटीएफ-८">

पहिला शब्द एम, ई, टी, ए. दुसरा सी, एच, ए, आर, एस, ई, टी. यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची एक पद्धत. ही ओळ नसेल तर मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसण्याची शक्यता असते. मग फाइलवर डबल क्लिक करा, पान ब्राउझरमध्ये उघडेल. यापुढे दर बदलानंतर नोटपॅडमध्ये सेव्ह करायचं, ब्राउझरमध्ये एफ-५ दाबायचं. सेव्ह न करता एफ-५ दाबून "काहीच बदललं नाही" म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

पहिली लिंक

लिंकचे भाग दोनच: वाचकाला दिसणारे शब्द आणि त्यांच्यामागे लपलेला पत्ता. ते असे लिहितात:

<ए एचआरईएफ="पत्ता">दिसणारे शब्द</ए>

'ए' हे अँकर या शब्दाचं पहिलं अक्षर. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. 'एचआरईएफ' म्हणजे हायपरटेक्स्ट रेफरन्स, कुठे जायचं त्याचा निर्देश. शेवटच्या टॅगमधला स्लॅश सांगतो की लिंक इथे संपली. तो राहिला तर पुढचा अख्खा परिच्छेद निळा आणि अधोरेखित होतो, त्यामुळे ही चूक तरी लपून राहत नाही.

आता खरी लिंक करू. ज्या पानाकडे वाचकाला न्यायचं आहे ते ब्राउझरमध्ये उघडा, वरच्या पट्टीतला पत्ता पूर्ण कॉपी करा आणि दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये पेस्ट करा. पत्ता हाताने टाइप करू नका. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी लिंक जात नाही. मामाने मात्र आठवणीतून टाइप केला, आणि तोही नुसता डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यूपासून. क्लिक केल्यावर ब्राउझर म्हणाला, अशी फाइलच नाही.

"फाइल कुठून आली मध्येच? मी तर बेस्टची साइट लिहिली," मामा म्हणाला.

याचं कारण समजून घेतलंत तर पुढचं निम्मं काम सोपं होतं, म्हणून इथे जरा थांबते. मामाचं बालपण गिरगावातलं. मी त्याला म्हटलं, खेतवाडीत उभं राहून कोणाला 'बारावी गल्ली कुठे?' विचारलंस तर तो हात करून दाखवेल. पण नागपूरहून पाठवलेल्या पाकिटावर नुसतं 'बारावी गल्ली' लिहिलंस तर पोस्टमन काय करणार? ब्राउझरचंही तसंच आहे. पत्ता 'एचटीटीपीएस', कोलन आणि दोन स्लॅश यांनी सुरू झाला तर तो समजतो की बाहेरगावचा पूर्ण पत्ता आहे. ती सुरुवात नसेल तर त्याला वाटतं की आपण जिथे उभे आहोत तिथलीच, म्हणजे याच फोल्डरमधली, एखादी फाइल मागितली आहे. म्हणून तो डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू नावाची फाइल मामाच्या फोल्डरमध्ये शोधत होता.

नियम सरळ आहे: दुसऱ्याच्या साइटचा पत्ता नेहमी पूर्ण, 'एचटीटीपीएस' धरून.

सुरुवातीला आणखी दोन गोष्टी फार नडतात. पहिली अवतरणचिन्हांची. लिंकचा नमुना व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डच्या फाइलमधून कॉपी केलात तर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येऊ शकतात. डोळ्यांना फरक जाणवतही नाही, पण ब्राउझरला ती चिन्हं पत्त्याचाच भाग वाटतात आणि लिंक बिघडते. अशा वेळी ती दोन्ही चिन्हं पुसून नोटपॅडमध्येच पुन्हा टाइप करा. दुसरी गोष्ट कीबोर्डची. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना कोनी कंसांची बटणं दाबलीत तर एकीवर 'ष' आणि दुसरीवर दंड उमटतो. टॅगसाठी इंग्रजी, मजकुरासाठी मराठी, अशी अदलाबदल करत राहावं लागतं. आम्ही मग एक युक्ती केली. आधी सगळा मजकूर मराठीत लिहून काढायचा, मग कीबोर्ड इंग्रजीवर नेऊन वरपासून खालपर्यंत टॅग घालत जायचं.

फेसबुकवरून पत्ता उचलत असाल तर त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि मग 'एफबीसीएलआयडी'ने सुरू होणारी लांबलचक शेपटी असते. वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी ती जोडलेली असते. ती काढून टाका. पण प्रश्नचिन्हापुढचं सगळंच सरसकट छाटू नका. काही साइट्सवर कोणतं पान दाखवायचं हे त्यातच लिहिलेलं असतं. छाटलेला पत्ता एकदा स्वतः उघडून पाहा आणि मगच वापरा.

लिंकवर कोणते शब्द ठेवायचे

तंत्र एका दुपारी येतं. शब्द निवडायला शिकणं त्याहून महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही.

मामाने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं: "बेस्टच्या म्युझियमबद्दल वाचण्यासाठी इथे क्लिक करा." आणि लिंक होती 'इथे' या एका शब्दावर. अशा सात ओळी, सात 'इथे'. डोळ्यांनी पान वाचणाऱ्याला हे चालून जातं. पण दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतात आणि त्यात पानावरच्या लिंक्सची वेगळी यादी काढून ऐकता येते. मामाच्या पानाची यादी त्यांना 'इथे, इथे, इथे' अशी सात वेळा ऐकू आली असती. दादरच्या पुलावर सगळ्या पाट्यांवर नुसतं 'इकडे' लिहिलं असतं तर आपलं काय झालं असतं, तसंच हे.

आम्ही ओळ बदलली: "जुनी तिकिटं आणि तिकीटयंत्रं पाहायची असतील तर अणिक आगारातलं बेस्टचं म्युझियम गाठा." लिंक 'अणिक आगारातलं बेस्टचं म्युझियम' या शब्दांवर. आता नुसते निळे शब्द वाचले तरी कुठे पोचणार ते कळतं. लिंक जोडून झाली की माझी एक कसोटी असते: आजूबाजूचं वाक्य झाकायचं, फक्त लिंकचे शब्द वाचायचे. कुठे जाणार ते कळलं तर ठीक, नाहीतर शब्द बदलायचे.

मराठीत आणखी एक पेच येतो, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. 'ट्रामच्या', 'डबलडेकरमधून', 'आगारात'. टॅग 'आगार' एवढ्यावर बंद करून 'ात' बाहेर ठेवायला गेलात तर काना अक्षरापासून तुटतो आणि अधोरेखनही शब्दाच्या पोटात थांबतं. म्हणून प्रत्ययासकट अख्खा शब्द लिंकच्या आत घ्या. वाक्य थोडं फिरवून लिंकचा शब्द प्रत्ययाविना आणता आला तर फारच छान.

अधोरेखनाचाही त्रास आहे. आपले उकार, ऋकार अक्षराच्या खाली लोंबतात आणि लिंकची रेघ नेमकी त्यांच्यात घुसते. पानाच्या स्टाइलमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या ओळींमध्ये, 'ए' टॅगसाठी 'टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट' असं लिहून चार पिक्सेल दिलेत तर रेघ खाली सरकते आणि 'मुंबई'तला उकार मोकळा होतो. रेघ पुसून मात्र टाकू नका. नुसत्या रंगावरून लिंक ओळखणं ज्यांना रंग नीट दिसत नाहीत त्यांना जमत नाही, आणि दुपारच्या उन्हात फोन बघणाऱ्या कोणालाही जमत नाही.

शब्द आणि पत्ता यांचं नातं खरं असलं पाहिजे, हेही सांगायला हवं. 'वीजबिल भरलं नाही, आज रात्री कनेक्शन तोडू' असे फसवे मेसेज आता घरोघरी येतात. त्यामुळे माझ्या मावशीसारखी माणसं कुठल्याही लिंकला हात लावायला घाबरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. आपल्या पानावर लिंक जिथे नेणार म्हणून सांगते तिथेच तिने नेलं पाहिजे. लिंक पीडीएफ उघडणार असेल, मोठा व्हिडिओ उघडणार असेल, तर ते शब्दांतच सांगा: 'ट्रामच्या मार्गांचा नकाशा, पीडीएफ, ८ एमबी'. लांब पत्ते आखूड करून देणाऱ्या सेवाही मी वापरत नाही. आखूड पत्त्यावरून आपण कुठे जाणार ते कळत नाही, आणि ती सेवा बंद पडली की चालू असलेलं पानही सापडेनासं होतं.

आपल्याच पानांकडे

आता मामाची ट्राम. मुंबईत ट्राम १८७४ साली सुरू झाली तेव्हा घोडे ती ओढायचे. १९०७ मध्ये ती विजेवर आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा मामा सहा वर्षांचा होता. आजोबांच्या खांद्यावर बसून त्याने ती गर्दी पाहिली, आणि त्यावर त्याने दोन फुलस्केप कागद लिहिले आहेत. ते वेगळ्या पानावर घेतले. फाइलचं नाव 'ट्राम डॉट एचटीएमएल', जागा त्याच फोल्डरमध्ये. मुख्य पानावर लिंक अशी:

<ए एचआरईएफ="ट्राम.एचटीएमएल">शेवटच्या ट्रामची रात्र</ए>

इथे एचटीटीपीएस वगैरे काही नाही. फाइल शेजारीच आहे, नुसतं नाव पुरतं. खेतवाडीतच उभे आहोत, गल्लीचा नंबर सांगितला की झालं. फोटो 'फोटो' नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये असतील तर आधी फोल्डरचं नाव, मग स्लॅश, मग फाइलचं नाव. आतल्या फोल्डरमधल्या पानावरून बाहेर मुख्य पानाकडे यायचं असेल तर दोन टिंबं, एक स्लॅश आणि मग 'इंडेक्स डॉट एचटीएमएल'. दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर चढा.

अशा जवळच्या पत्त्यांचा मोठा फायदा आहे. अख्खा फोल्डर दुसऱ्या कंप्युटरवर नेला, किंवा पुढे गिटहब पेजेस किंवा निओसिटीजसारख्या मोफत ठिकाणी चढवला, तरी आतल्या लिंक्स जशाच्या तशा चालतात.

नावं ठेवताना मात्र शिस्त पाळा. छोटी इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा सोडायची नाही, जोडायचं असेल तर आडवी रेघ. मी हे एकदा पाळलं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी मी एक पान केलं होतं. घरच्या लॅपटॉपवर सगळे फोटो उघडत होते, वेबवर चढवलेलं पान सभेत पडद्यावर उघडलं तर एकही उघडला नाही. फाइलच्या नावात शेवटी मोठ्या अक्षरांत 'जेपीजी' होतं, कॅमेऱ्याने ते तसंच दिलं होतं, आणि मी लिंकमध्ये छोट्या अक्षरांत लिहिलं होतं. विंडोज मोठं आणि छोटं अक्षर एकच मानतं. वेबवरचे बहुतेक सर्व्हर, म्हणजे पानं साठवून वाचकांना पाठवणारे कंप्युटर, विंडोजऐवजी लिनक्सवर चालतात आणि त्यांच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइल्स असतात. ४० माणसांसमोर मी गप्प उभी होते. तेव्हापासून फोल्डरमध्ये आलेल्या प्रत्येक फाइलचं नाव मी आधी छोट्या अक्षरांत करून घेते.

घरी चालतं आणि बाहेर बिघडतं, अशी आणखी एक चूक आहे. लिंकच्या पत्त्यात 'सी' ड्राइव्ह किंवा सुरुवातीला 'फाइल, कोलन' दिसलं तर तो पत्ता तुमच्या कंप्युटरच्या पोटातला आहे. तुम्हाला तो उघडेल, दुसऱ्या कोणाला कधीच उघडणार नाही.

त्याच पानावर खाली आणि वर

ट्रामचं पान लांबलं, तेव्हा वर एक छोटी अनुक्रमणिका केली. त्यासाठी जिथे उतरायचं त्या शीर्षकाला एक नाव द्यावं लागतं, त्याला 'आयडी' म्हणतात. समजा शीर्षकाच्या टॅगमध्ये लिहिलं:

<एच२ आयडी="घोडे">घोड्यांची ट्राम</एच२>

तर वरच्या लिंकमध्ये पत्ता म्हणून हॅशचं चिन्ह आणि लगेच तेच नाव लिहायचं:

<ए एचआरईएफ="#घोडे">घोड्यांची ट्राम</ए>

हॅश फक्त लिंकमध्ये, आयडीमध्ये नाही. आयडीच्या नावात मोकळी जागा चालत नाही. आणि एका पानावर एक आयडी एकदाच. मामाने दोन शीर्षकांना एकच नाव दिलं होतं, त्यामुळे दुसरी लिंकही पहिल्याच शीर्षकावर जाऊन थांबायची. त्याला हे सांगायला मला काही जड गेलं नाही. डिसेंबर २०२३ पर्यंत दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. 'एक नंबरवर भेट' म्हटल्यावर दोन माणसं दोन टोकांना उभी राहायची. मग मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे नंबर दिले. "हां, म्हणजे आठपासून नंबर देऊ," मामा म्हणाला, आणि त्याने दुसऱ्या शीर्षकाचं नाव बदललं.

दुसऱ्या पानाच्या मधोमध उतरवायचं असेल तर फाइलचं नाव, मग हॅश, मग आयडी. बस.

मेल, फोन आणि फोटो

मेलच्या लिंकमध्ये पत्त्याआधी 'मेलटू' आणि कोलन लावतात, फोनच्या लिंकमध्ये 'टीईएल' आणि कोलन. फोन नंबर अधिक ९१ ने सुरू करा, मध्ये जागा सोडू नका. मुंबईच्या लँडलाइनचा नंबर असेल तर ०२२ मधलं शून्य गाळून अधिक ९१ नंतर २२. ज्याच्या कंप्युटरवर मेलचा प्रोग्राम बसवलेला नाही त्याने मेलच्या लिंकवर क्लिक केलं तर काहीच होत नाही, म्हणून पत्ता दिसेल असाही लिहून ठेवा.

पण घरचा नंबर उघड्या पानावर टाकू नका, असं मी आग्रहाने सांगेन. वेबवरचे नंबर आणि मेल पत्ते गोळा करत फिरणारे प्रोग्राम असतात. मामासाठी आम्ही एक वेगळा मेल पत्ता काढला आणि तोच दिला.

फोटोला लिंक करायची तर 'ए' टॅगच्या आत शब्दांच्या जागी फोटोचा टॅग ठेवायचा. त्यात 'एएलटी', म्हणजे फोटोचं शब्दांतलं वर्णन, लिहायला चुकू नका. फोटो दिसला नाही किंवा वाचकाला दिसत नसेल, तर ते शब्दच लिंकचं काम करतात. 'फोटो १' असं नको, 'लाल डबलडेकरच्या दारात उभा मामा' असं हवं.

लिंक नव्या टॅबमध्ये उघडावी का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. 'टार्गेट' म्हणून 'अंडरस्कोर ब्लँक' लिहिलं की उघडते. मी ते वापरत नाही. नवा टॅब उघडला की मागे जायचं बटण नेहमीसारखं काम करेलच असं नाही, आणि वयस्कर वाचक तिथेच अडकून पडतात. ज्याला नवा टॅब हवा असतो तो लिंक दाबून धरून स्वतः उघडतो.

देवनागरी पत्ते

मराठी विकिपीडियावरचं 'मुंबई' हे पान ब्राउझरमध्ये उघडलंत तर पत्त्यात 'मुंबई' असंच दिसतं. तोच पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलात की टक्क्याची चिन्हं, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची माळ उमटते. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (कंप्युटरमधल्या साठवणीचं माप) घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्का आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. 'मुंबई' लिहायला म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं लागतात, त्यांची झाली ४५. ती माळ आहे तशी लिंकमध्ये ठेवा. मध्ये काही खोडू नका, आणि मेसेजमधून आलेली असेल तर शेवट तुटलेला नाही ना ते बघा. 'डॉट भारत' हा देवनागरीतला पत्ताही २०१४ पासून मिळतो. त्याची लिंकही याच पद्धतीने जोडायची.

तुटणाऱ्या लिंक्स

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये सर्नने ती सगळ्यांना विनामूल्य वापरायला मोकळी केली. त्या रचनेत लिंक एकाच बाजूने बांधलेली असते. मामाच्या पानाने बेस्टच्या साइटला लिंक दिली तर बेस्टला विचारावं लागत नाही, त्यांना ते कळतही नाही. म्हणून तर कोणीही माणूस कुठल्याही पानाकडे बोट दाखवू शकतो आणि वेब एवढी पसरली. पण त्याच कारणाने समोरचं पान हललं किंवा पुसलं गेलं तर तेही आपल्याला कोणी कळवत नाही. वाचकाला नुसता ४०४ आकडा दिसतो, म्हणजे पान सापडलं नाही. मामासारख्या हौशी लोकांची असंख्य पानं ज्या जिओसिटीजवर होती ती सेवा २००९ मध्ये बंद झाली, आणि जगभरातून तिकडे बोट दाखवणाऱ्या लिंक्स एकदमच निकामी झाल्या.

आपल्या स्वतःच्या फाइलचं नावही उगाच बदलू नका. एल्फिन्स्टन रोड स्टेशन जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, तरी आजही कोणी 'एल्फिन्स्टनला उतरतो' म्हणालं तर मुंबईकराला कळतं. ब्राउझरला जुन्या नावावरून नवं नाव कळत नाही. नाव बदलणं भागच असेल तर जुन्या नावाची फाइल जागेवर ठेवा आणि तिच्यात एकच ओळ लिहा: हे पान आता अमुक ठिकाणी आहे, आणि त्यावर लिंक.

पान वर चढवून झालं की तपासणी स्वतःच्या कंप्युटरवर करू नका. शेजारच्या कोणाचा तरी फोन घ्या, त्यात वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पान उघडा आणि एकेक लिंक अंगठ्याने दाबा. माउसच्या टोकाला जमतं ते अंगठ्याला जमेलच असं नाही. दोन लिंक्स खेटून असल्या की भलतीच दाबली जाते. त्यांच्यात मोकळी जागा सोडा. मामाच्या पानावर 'ट्राम' आणि 'डबलडेकर' असेच चिकटले होते, ते आम्ही दोन वेगळ्या ओळींवर घेतले.

बाहेरच्या लिंक्स दर चार महिन्यांनी तपासायच्या असं आमचं ठरलं आहे. एखादी तुटलेली निघाली तर आधी त्या साइटवर शोध घ्यायचा, बऱ्याचदा पान फक्त हललेलं असतं. नाहीच मिळालं तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून पाहायचा. तिथे जतन झालेली प्रत सापडली तर तिची लिंक द्यायची आणि शब्दांत 'जतन केलेली प्रत' असं लिहायचं. याच वेबॅक मशीनमध्ये एखादं पान आपण होऊन जतन करायचीही सोय आहे, त्यामुळे लिंक जोडली त्याच दिवशी समोरच्या पानाची प्रत तिथे ठेवून द्यावी. त्याला एक मिनिट लागतं. मामाने वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले आहेत: लिंकचे शब्द, पत्ता, प्रत जतन केल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना पुढच्या तपासणीचा.